रुखमाची बारी आणि मंडळीचा उपास

शकुनबाई रागावली की आधी डोक्यावरचा पदर नीट करायची. तुमसरच्या त्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत लहानथोर सगळे ही खूण ओळखून होते. उपासना चालू असताना तिचा हात पदराकडे गेला की पुरुषांच्या बाजूला खोकला सुरू व्हायचा.

तिचा राग आजचा नव्हता. नवरा राइस मिलमध्ये बॉयलरवर होता, छातीच्या दुखण्याने लवकर गेला. त्या दिवशी मंडळीतले लोक भेटायला आले आणि अंगणात उभे राहून लांबलचक प्रार्थना करू लागले. घरात म्हातारी सासू पाणी पाणी करत होती. शकुनबाईने डोळे पुसले, पदर सारखा केला आणि म्हणाली, प्रार्थना मागून करा, आधी कोणीतरी विहिरीवर जा. लोकांना ते फार लागलं. नुकतीच विधवा झालेली बाई असं बोलते म्हणजे काय! पण विहिरीवर माणूस गेला.

पुढे ती अंगणवाडीत लागली, मुलगी शिकवली, तिचं लग्न करून नागपूरला पाठवली. हे सगळं थोरल्या भावाच्या आधाराने. मधुकरराव तिच्यापेक्षा बरेच मोठे. बाप गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं. कचेरीत नोकरी केली, मंडळीचे सचिव झाले आणि चर्चचे पाळक बदलत गेले तरी ते सचिवच राहिले. शकुनबाई सगळ्या गावाशी भांडली असेल, पण भावासमोर तिचा आवाज खाली यायचा.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्यांची वाटणी झाली, तशी हळूहळू मंडळ्यांचीही झाली. पूर्वी वर्षाचा मोठा मेळावा तिकडे व्हायचा, चार गावची माणसं भेटायची. ते बंद पडलं. तुमसरला मोजकी घरं उरली. उपासना आटोपली की लोक चपला शोधत आणि घर गाठत. चर्चच्या मागच्या गल्लीतला एक म्हातारा तापाने पडून होता. रविवारी त्याची जागा रिकामी दिसली, कोणाच्या लक्षात आलं नाही. कळलं ते तो गेल्यावर. त्याच्या मातीला सगळे आले आणि फार छान गायले.

शकुनबाईचा पदर वर गेला तो तिथेच, कबरस्तानात. महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी मिळून जेवायचं, असं तिने काढलं. मधुकररावांना ते पटलं नाही.

"देऊळ हाये हे, शकुन. धर्मशाळा नाही."

"मंग येशूनं त्या पाच हजार लोकाईले काय नुसतं भाषण देऊन घरी धाडलं का दादा?"

भावाला तिने दिलेलं ते पहिलं उलट उत्तर. ते हसले, म्हणून निभावलं. पुढच्या रविवारी तिने चर्चच्या आवारात, चिंचेखाली तीन विटा मांडल्या आणि घरचा गंज, भाताचं मोठं पातेलं, चढवला. ही झाली प्रीतिभोजनाची सुरुवात.

नियम तिचेच होते. घरागणिक बारी. ज्या घरची बारी, त्या घरच्या बाईने रांधायचं. तांदूळ सगळ्यांनी आपापल्या घरून आणायचा. पंगत जमिनीवर. आणि मुख्य म्हणजे जेवणाची प्रार्थना पाळकांनी करायची नाही, सचिवांनी करायची नाही. जिने रांधलं तिने गंजाजवळ उभं राहून करायची. तिचं आमेन होईपर्यंत भाताला कोणी हात लावायचा नाही. उभ्या जन्मात चारचौघांत तोंड न उघडलेल्या बाया त्या गंजापाशी प्रार्थना करायला शिकल्या. मधुकररावांच्या पत्नी उषावहिनींची पहिली प्रार्थना अजून सांगतात: "देवा, मीठ कमी असंल त माफ कर. आमेन." दोन वर्षांत त्याच उषावहिनी एवढी लांब प्रार्थना करू लागल्या की भात निवायचा आणि पोरं ताटात बोटांनी रेघा ओढायची.

पंगतीत कोण नाही ते लगेच दिसायचं. मग कोणीतरी उठून त्याच्या घरी जायचं. कोणाच्या बाळंतपणात बाया राहायला गेल्या, कोणाचं छप्पर उडालं तर पुरुषांनी कवेलू चढवले. मंडळी पुन्हा मंडळी झाली, असं पाळकसाहेब म्हणायचे. शकुनबाईला ते ऐकून बरं वाटायचं.

रुखमा आली ती अंगणवाडीतून. तिची लेक तिथे यायची. रुखमा आणि तिचा नवरा परसराम ठेकेदाराकडे झाडूच्या कामावर होते. पहाटे बाजार झाडायचा, मग नाल्या काढायच्या. लेक आजारी पडली तेव्हा शकुनबाई त्यांच्या घरी जाऊन बसली, दवाखान्यात सोबत गेली. मग एका रविवारी ती दोघं नवराबायको चर्चच्या दारात उभी दिसली. वर्षभर नेमाने आली. हिवाळ्यात वैनगंगेच्या पात्रात त्यांचा बाप्तिस्मा झाला. सगळी मंडळी काठावर गात होती. थंडीने कुडकुडणाऱ्या परसरामच्या खांद्यावर मधुकररावांनी स्वतः टॉवेल टाकला.

रुखमा मात्र दाराजवळच्या सतरंजीवरच बसायची. शकुनबाई पुढे बोलवायची, तर ती म्हणायची, इथून बरं ऐकू येते बाई. पंगतीतही टोकाला. शकुनबाईला वाटायचं, नवी आहे, लाजते. बाईची बारी आली की लाज जाईल. उषावहिनींची गेली तशी.

बारी आली श्रावणात. रुखमाने महिनाभर आधीपासून प्रार्थना पाठ करायला घेतली होती. शकुनबाईने तिला सांगितलं, पाठ नको करू, जे आत आहे ते बोल.

त्या साली रोवणीच्या ऐन दिवसांत पावसाने दडी मारली होती. धानाच्या बांध्या भेगाळल्या होत्या. आदल्या बुधवारी मधुकररावांनी जाहीर केलं की या रविवारी सगळ्या मंडळीने पावसासाठी उपास-प्रार्थना करायची, म्हणून प्रीतिभोजन नाही. शकुनबाईच्या मनात किंतुसुद्धा आला नाही. उलट दादाला सुचलं याचा तिला अभिमान वाटला. तीच घरोघर सांगत फिरली. रुखमाकडेही गेली. रुखमाने वांगी आणून ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, "बरं जी."

शकुनबाईने पाण्याचा थेंब न घेता उपास केला. पुढल्या आठवड्यात पाऊस आलाही. देव ऐकतो, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली.

महिन्याने पाहते तर बारी रुखमाच्या पुढल्या घराला गेलेली. तिने भावाला विचारलं. ते म्हणाले, उपासात तिची बारी होऊन गेली ना. फेरी पुरी झाली की येईल परत. शकुनबाईने हट्ट धरला. शेवटी धान कापून झाल्यावरचा रविवार रुखमाचा ठरला.

आणि त्या रविवारच्या आधी पुन्हा उपास निघाला. या वेळी देशात शांती राहावी म्हणून. उपास ज्याने त्याने संध्याकाळी आपल्या घरी सोडायचा. शकुनबाईला ते खटकलं, पण देशाच्या शांतीला नाही कसं म्हणायचं? ती पुन्हा घरोघर फिरली. रुखमाकडे गेली तेव्हा रुखमा अंगणात भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. "बरं जी" पण म्हणाली नाही.

रविवारी उपासना संपली. मधुकररावांनी देशासाठी भरल्या गळ्याने प्रार्थना केली. त्यांना साखरेचा त्रास. या वयात संध्याकाळपर्यंत उपाशी राहिले तर चक्कर येईल, या काळजीने शकुनबाई घरी गेली. त्यांना निदान काहीतरी पोटात घ्यायला लावावं म्हणून तिने ताकाचा तांब्या भरला आणि ऊन डोक्यावर असताना भावाच्या घरी निघाली.

कोंबडीच्या रश्शाचा वास फाटकातच आला.

दार उघडं होतं. मधुकरराव जेवत होते. सोबत मंडळीचा कारभार पाहणारे आणखी दोघे वडील, बाह्या वर केलेले. उषावहिनी वाढत होत्या. तिला पाहून त्यांच्या हातातली पळी तशीच राहिली.

"ये शकुन, बस," मधुकरराव म्हणाले. त्यांनी सवयीने म्हटलं आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं.

ते दोघे वडील हात धुवायला जे परसात गेले ते मागच्या दारानेच पसार झाले. शकुनबाईने तांब्या खाली ठेवला. तिला वाटलं आपण ओरडू, पण आवाज निघाला तो अगदी हळू.

"देशाची शांती झाली वाटते."

"समजून घे," मधुकरराव म्हणाले. "तोंडावर नाही म्हणाव त तिले वाईट वाटंल. उपासात कोणाचा अपमान नाही होत. तूच सांग, दिवसभर तिचे हात कुठं असतात? लोक बोलून राहिले. दोन घरं त म्हणे आम्ही येणंच बंद करतो. मले मंडळी सांभाळायची हाये, शकुन."

"हात त धुते ना ते. तुमा सगळ्याईपेक्षा जास्त धुते."

"प्रश्न धुण्याचा नाही."

"मंग कायचा हाये? नाव घे दादा. तोंडानं नाव घे त्याचं."

त्यांनी घेतलं नाही. उषावहिनी ओट्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"आपली आजी कोणत्या विहिरीवर पाणी भरे?" शकुनबाईने विचारलं. "तूच सांगत होता मले लहानपणी. भरे का? का विहिरीपासून दूर घागर ठेवून बसे, कोणी वरून ओतंल म्हणून? कोणी उपासाचं नाव सांगून तिले परत धाडलं असतं त तू आज सचिव असता का?"

मधुकररावांचं तोंड उतरलं. ते म्हणाले, ते दिवस गेले.

"गेले नाहीत. तू जेवून राहिला ना ते दिवस, रश्शात बुडवून."

तांब्या तिथेच टाकून ती निघाली.  तिला सगळ्यांत जास्त राग स्वतःचा आला होता. दारोदार जाऊन उपासाचं आमंत्रण तिनेच दिलं होतं. आणि श्रावणात देवाने पाऊस तरी कसा पाडला? कोणाच्या उपासावर पाडला? देवाचाही तिला राग आला. ती भर रस्त्यात त्याला बोलत चालली होती. बाजारातल्या बायका थांबून पाहू लागल्या.

ती तशीच रुखमाच्या घरी गेली. रुखमाने पाट दिला, पाणी दिलं. शकुनबाईने पाणी संपवलं आणि झालं ते सांगितलं. रुखमाला नवल वाटलं नाही.

"मले पहिल्याच वेळी समजलं होतं बाई. आमाले ह्या गोष्टी सांगा नाही लागत."

"मंग तू बोलली काहून नाही?"

"तुमीच त सांगाले आल्या होत्या," रुखमा म्हणाली. "हासत आल्या होत्या."

 मग रुखमाच म्हणाली की प्रार्थनेला ती येत जाईल, येशूशी तिचं भांडण नाही. पण जेवणाचं राहू द्यावं. परसरामही तेच म्हणतो.

"म्हणजे तू येशील न् दारापाशी बसशील. हेच त पायजे त्याईले." शकुनबाई तिच्यावरही चिडली. "मी गंज आणतो. तू रांधशील का नाही तेवढं सांग."

रुखमाने रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, "आन् कोणी नाही खाल्लं त?"

खोटं आश्वासन शकुनबाईला देता येईना. ती म्हणाली, "त मी खाईन. पण तुले एकटीले भरल्या गंजापाशी उभी नाही राहू देणार."

पाळकसाहेब तरुण होते, नगरकडचे, मधुकररावांना वचकून असायचे. शकुनबाई त्यांच्या घरी गेली तेव्हा त्यांनी आपण या विषयावर सगळे मिळून प्रार्थना करू या, असं सुचवलं. शकुनबाई म्हणाली, तुमाले जेवाचं हाये का प्रार्थना कराची हाये ते पुढच्या रविवारी ठरवा, आणि उठून आली.

त्याच आठवड्यात बुधवारच्या उपासनेत साक्ष देण्याची, देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगण्याची, वेळ आली तशी ती उभी राहिली. पदर नीट केला. पुरुषांच्या बाजूला खोकला सुरू झाला. ती कोणाचं नाव घेणार, रश्शाचं काढणार, असं त्या दोन वडिलांना वाटलं असावं. त्यांनी माना खाली घातल्या. तिने रश्शाचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, "येत्या रविवारी रुखमाची बारी हाये. कोणाले उपास धरायचा असंल त खुशाल धरा. पण या मंडळीचा उपास आता रुखमाच्याच भातावर सुटल. नाही त सुटणार नाही."

मधुकरराव उठले. "असं असंल त मी येणार नाही."

"नको येऊ," शकुनबाई म्हणाली.

साऱ्या चर्चने ऐकलं. ज्याने तिला कडेवर घेऊन शाळेत पोचवलं होतं त्या भावाला ती असं बोलली. मग ती खाली बसली. गाणं कोणतं झालं, उपदेश कशावर झाला, तिला काही कळलं नाही.

रविवारी रुखमाने सकाळीच विटा मांडल्या. नवं लुगडं नेसली होती. वांगी आणि पोपटीचे, म्हणजे वालाचे दाणे, तुरीचं वरण, भाताचा मोठा गंज. परसराम लाकडं फोडत होता आणि दर थोड्या वेळाने फाटकाकडे पाहत होता. उपासना झाली. चार घरं आलीच नव्हती. आलेल्यांतलेही काही जण चपला शोधू लागले, कोणाला पाहुणे यायचे होते, कोणाची गाडी होती. बाकीचे चिंचेखाली नुसते उभे राहिले. ना बसत होते, ना जात होते. पाळकसाहेब हातातल्या बायबलची पानं उगाच चाळत होते. शकुनबाई एकटी खाली बसली, ताट पुढे ओढलं.

"प्रार्थना कर," ती रुखमाला म्हणाली.

रुखमा गंजाजवळ उभी राहिली. तिने डोळे मिटले नाहीत.

"देवबापा," ती म्हणाली, "मले राग आला हाये. दोन खेपेले आला होता, तवा मी बोलली नाही. आज बोलून राहिली. मी बाजार झाडतो, नाली काढतो, मंग सगळा बाजार त्याच रस्त्यानं चालते. आज हा भात म्या रांधला. तांदूळ तुहा हाये, हात बी तूच देल्ला. ज्याले खाचं हाये त्याले बसव. ज्याले नाही खाचं, त्याईले आज घरी जाऊ दे, पण खोटा उपास नको लावू त्याईच्या मांगं. लेकरं भुकेली हायेत. आमेन."

आमेन म्हणणारा पहिला आवाज बाबूलालचा होता. बाबूलाल राइस मिलमध्ये हमाल, सहा फुटी गडी. तो शकुनबाईच्या शेजारी मांडी घालून बसला आणि ताट वाजवून म्हणाला, मले दोन माणसाचा वाढ. पोरं हसली आणि धावत येऊन बसली. मग त्यांच्या आया. चपला शोधणाऱ्यांतल्या दोघांनी चपला पुन्हा काढल्या. पाळकसाहेबांनी बायबल झाडाच्या बुंध्याशी ठेवलं. बसायला मोकळी जागा दिसली ती टोकाला, परसरामच्या बाजूला. ते तिथे बसले. सगळे नाही बसले. दोन घरं खाली मान घालून निघून गेली आणि शकुनबाई त्यांच्या पाठमोऱ्या अंगाकडे पाहत राहिली. तिला ते जिंकल्यासारखं वाटलं नाही. एवढ्या वर्षांत एकेक करून जमवलेली घरं होती ती.

पंगत अर्धी झाली असेल तेव्हा उषावहिनी आल्या. एकट्याच. चालून धाप लागली होती. त्या कोणाकडे न पाहता पंगतीत बसल्या. रुखमाने त्यांच्या ताटात भात वाढला, वर वरण घातलं. उषावहिनी जेवल्या. भाजी पुन्हा मागून घेतली. जेवताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या म्हणत होत्या की मिरची झणझणीत आहे.

जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक रिकामा डबा काढला आणि तो शकुनबाईपुढे धरला. हळूच म्हणाल्या, "घरी चूल नाही पेटवली मी आज. म्हटलं, रांधणार नाही. ते बसले हायेत खुर्चीवर तसेच. थोडा भात देशील?"

शकुनबाईचा हात डब्याकडे गेला. कितीही झालं तरी दादा होता. साखरेचा माणूस, उपाशी. मग तिच्या ध्यानात आलं की बारी तिची नाही. तिने रुखमाकडे पाहिलं.

रुखमाने डबा पाहिला. भात वाढायचा सराटा तिने गंजात टेकवला. 

"डबा नाही भरत मी, माय," ती उषावहिनींना म्हणाली. "भात हाये, लय हाये. त्याईले म्हणा, इथं येऊन बसा. मी थांबतो. गंज नाही उतरवत."

उषावहिनींनी डबा पिशवीत परत घातला. रागावल्या नाहीत. गुडघ्यांवर हात टेकून उठल्या आणि फाटकाकडे निघाल्या. शकुनबाईला वाटलं आपण काही बोलावं, वहिनीला किंवा रुखमाला. पण दोघींनाही तिच्या बोलण्याची गरज दिसली नाही.

रुखमाने विटांमधलं विझू पाहणारं लाकूड आत सारलं, गंजावर झाकण ठेवलं आणि पंगतीकडे वळून विचारलं, "अजून कोणाले वरण?"